मजकुरातून आकृती : ग्राफव्हिज नव्याने शिकणाऱ्यांसाठी

तांत्रिक दस्तऐवजात सगळ्यात आधी शिळी होते ती आकृती. मजकूर कुणीही उघडून दुरुस्त करतं, पण आकृती कुणीतरी कधीतरी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली असते. तिची मूळ फाइल त्या व्यक्तीच्या लॅपटॉपवर राहते आणि दस्तऐवजात फक्त तिचं पीएनजी चित्र चिकटवलेलं असतं. वर्षभराने एका सेवेचं नाव बदलतं, दोन चौकटींच्या मध्ये तिसरी येते आणि पूर्ण आकृती पुन्हा काढायची वेळ येते. ती कुणी काढत नाही. नव्याने रुजू झालेला सहकारी त्याच चुकीच्या आकृतीवर विश्वास ठेवून काम सुरू करतो, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

यावर चांगला उपाय म्हणजे आकृती मजकूर म्हणून लिहिणं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘हे त्याला जोडलेलं आहे’ एवढंच लिहायचं आणि मांडणी प्रोग्रामवर सोपवायची. यासाठी बरीच साधनं आहेत, पण सुरुवात ग्राफव्हिजपासून करावी असं माझं ठाम मत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत ते तयार झालं. आज ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, आणि डॉक्सिजेन, स्फिंक्स यांसारखी दस्तऐवज बनवणारी साधनं आतून त्याचाच आधार घेतात. त्याची भाषा तासाभरात हाताखाली येते.

एक नियम आधीच सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. या लेखातल्या नमुन्यांमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत जे आहे ते फाइलमध्ये जसंच्या तसं देवनागरीत टंकायचं. या दुहेरी अवतरणचिन्हांच्या बाहेरचे शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीत टंकायचे. ते आज्ञेचे शब्द आहेत आणि प्रोग्राम ते इंग्रजीतच ओळखतो. चिन्हं, बाण, कंस जसे दिसतात तसेच.

पायरी १ : बसवून घ्या

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्राफव्हिज’, मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ग्राफव्हिज’. विंडोजवर ग्राफव्हिजच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवा. तो चालवताना ‘पाथ’मध्ये ग्राफव्हिज जोडायचं का, असं विचारतो. तिथे होकार द्या, नाहीतर टर्मिनलला ‘डॉट’ ही ग्राफव्हिजची मुख्य आज्ञा सापडणार नाही. मग टर्मिनल नव्याने उघडून ‘डॉट -व्ही’ टंका, त्यातला व्ही मोठ्या लिपीतला. आवृत्तीचा क्रमांक दिसला की झालं.

फाइल लिहायला वर्ड वापरू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतो, आणि शेजारी शेजारी दोन उणे-चिन्हं टंकली की त्यांची एकच लांब रेघ करून टाकतो. ग्राफव्हिजला दोन्ही कळत नाहीत. नोटपॅड, व्हीएस कोड, व्हिम, काहीही साधं चालेल. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, कारण देवनागरी त्यातच नीट राहते.

फाइलच्या नावाला शेवटी ‘.जीव्ही’ लावा. जुन्या उदाहरणांत ‘.डॉट’ दिसेल. तेही चालतं, पण वर्डच्या जुन्या टेम्प्लेट फाइलींनाही तेच शेपूट असे, त्यामुळे विंडोजवर डबल-क्लिक केल्यावर भलतंच काही उघडू शकतं.

पायरी २ : पहिली आकृती

समजा एखाद्या सार्वजनिक वाचनालयासाठी तुम्ही सॉफ्टवेअर लिहिताय आणि पुस्तकाची एक प्रत कोणकोणत्या अवस्थांतून जाते हे दस्तऐवजात दाखवायचं आहे. संगणकाला हात लावण्याआधी कागदावर वाक्यं लिहा. प्रत कपाटात असते. सभासद ती नेतो. मुदतीत परत आली तर पुन्हा कपाटात जाते. नाही आली तर मुदत उलटते. मग उशिरा परत येते, किंवा हरवल्याची नोंद होते. ही वाक्यं धड लिहिता आली नाहीत तर दोष साधनाचा नसतो, प्रक्रियाच अजून आपल्याला कळलेली नसते. आकृती मजकुरात लिहिण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आता तीच वाक्यं फाइलमध्ये :

डायग्राफ {
  "कपाटात" -> "सभासदाकडे"
  "सभासदाकडे" -> "मुदत उलटली"
  "मुदत उलटली" -> "हरवलं"
  "सभासदाकडे" -> "कपाटात"
  "मुदत उलटली" -> "कपाटात"
}

‘डायग्राफ’ म्हणजे दिशा असलेल्या जोडण्यांची आकृती. दिशा नको असेल, उदाहरणार्थ कोणतं यंत्र कोणत्या यंत्राला तारेने जोडलंय एवढंच सांगायचं असेल, तर नुसतं ‘ग्राफ’ लिहायचं आणि बाणाऐवजी दोन आडव्या रेघा. दोन्हींची सरमिसळ केलीत तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो.

फाइल ‘प्रत.जीव्ही’ म्हणून ठेवा (इंग्रजी अक्षरांत) आणि टर्मिनलमध्ये लिहा :

डॉट -टीएसव्हीजी प्रत.जीव्ही -ओ प्रत.एसव्हीजी

पहिला टी मोठा, बाकी सगळी अक्षरं लहान, टी आणि एसव्हीजी यांच्यामध्ये जागा नाही. एसव्हीजी हा ब्राउझरमध्ये उघडणारा चित्राचा एक प्रकार आहे. ‘-ओ’ म्हणजे निकाल कोणत्या फाइलमध्ये लिहायचा. काही ठिकाणी ‘-ओ’ऐवजी ‘>’ चिन्ह वापरलेलं दिसेल. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्याने पीएनजी बिघडू शकते, म्हणून ‘-ओ’चीच सवय लावा. निघालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

‘कपाटात’ सगळ्यात वर दिसेल, ‘हरवलं’ सगळ्यात खाली, आणि परतीचे दोन बाण वळसा घालून वर जाताना. कुठे काय ठेवायचं हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही. ‘डॉट’ ते चार टप्प्यांत ठरवतो, आणि ही पद्धत त्याच्या कर्त्यांनी १९९३ साली एका शोधनिबंधात मांडली होती. आधी प्रत्येक अवस्थेची पातळी ठरते, शक्यतो बाण वरून खाली जावेत अशी. मग एकाच पातळीवरच्या अवस्थांचा डावा-उजवा क्रम लागतो, रेघा एकमेकींना कमीत कमी छेदतील असा. तिसऱ्या टप्प्यात नेमकी जागा ठरते आणि शेवटी वळणदार रेघा ओढल्या जातात.

पहिला टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाण फिरून मूळ जागी येत असतील तर सगळे खाली जाऊच शकत नाहीत, कुणालातरी उलटं जावं लागतं. कुणाला, हे ठरवताना प्रोग्राम फाइलमधला क्रमही बघतो. म्हणून मुख्य वाट आधी लिहा आणि परतीच्या वाटा नंतर. वरच्या नमुन्यात पहिल्या तीन ओळी तशाच आहेत. नवखी माणसं सुचेल त्या क्रमाने लिहितात आणि आकृती उलटी आली की जागा बदलण्याची युक्ती शोधत बसतात. बहुतेक वेळा ओळींचा क्रम बदलला की काम होतं.

पायरी ३ : नाव वेगळं, लेबल वेगळं

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक अडचण हमखास येते. ग्राफव्हिज दोन अवस्था एकच आहेत की नाही हे अक्षर-न्-अक्षर जुळवून ठरवतो. एका ओळीत ‘दुरुस्ती’ आणि दुसऱ्या ओळीत ‘दुरूस्ती’ लिहिलंत तर आकृतीत दोन स्वतंत्र लंबगोल येतात, आणि अर्धे बाण एकाला, अर्धे दुसऱ्याला. ऱ्हस्व-दीर्घाची चूक निदान डोळ्यांना दिसते. ‘कर्मचाऱ्याकडे’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो : काही कीबोर्ड खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण प्रोग्रामच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. दोघांनी दोन कीबोर्डांवरून एकच फाइल लिहिली की हा घोळ होतो, आणि कितीही निरखून पाहिलं तरी सापडत नाही.

म्हणून प्रत्येक अवस्थेला इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव द्या आणि दिसणारा मराठी मजकूर लेबलमध्ये एकदाच लिहा :

डायग्राफ {
  कपाट [लेबल="कपाटात"]
  सभासद [लेबल="सभासदाकडे"]
  उशीर [लेबल="मुदत उलटली"]
  गहाळ [लेबल="हरवलं"]

  कपाट -> सभासद [लेबल="देवघेव खिडकीवर नोंद"]
  सभासद -> उशीर
  उशीर -> गहाळ [लेबल="सभासदाने कळवलं"]
  सभासद -> कपाट [लेबल="परत"]
  उशीर -> कपाट [लेबल="दंड भरून परत"]
}

अवतरणचिन्हांबाहेरचे ‘कपाट’, ‘सभासद’ वगैरे शब्द आता इंग्रजी अक्षरांत टंकायचे, जागा न सोडता. पुढे कुणी म्हणालं, ‘कपाटात’ऐवजी ‘उपलब्ध’ लिहा, तर बदल एकाच ओळीत होतो. बाणांनाही लेबल देता येतं. मात्र ते तीन-चार शब्दांपलीकडे नेऊ नका. बाणावरच्या लेबलला ‘डॉट’ स्वतंत्र जागा राखून ठेवतो, त्यामुळे लांब वाक्य लिहिलं की आकृती पसरते. लेबलमध्ये ओळ तोडायची असेल तर उलटी तिरकी रेघ आणि लगेच लहान एन.

चूक झाली तर प्रोग्राम ओळीचा क्रमांक सांगतो. त्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वर बघा. बहुधा आधीच्या एखाद्या ओळीत अवतरणचिन्ह किंवा चौकोनी कंस बंद करायचा राहिलेला असतो.

पायरी ४ : मराठी अक्षरं नीट दिसू द्या

ग्राफव्हिजचा मूळ फॉन्ट टाइम्स रोमन आहे. त्यात देवनागरी नाही, म्हणून यंत्रावर जो हाती लागेल तो देवनागरी फॉन्ट वापरला जातो. तुमच्या यंत्रावर एक, सहकाऱ्याच्या यंत्रावर दुसरा. फॉन्ट स्वतः सांगितलेला बरा. मी ‘मुक्ता’ सुचवेन. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लहान आकारातही सुवाच्य राहतो, आणि त्यात रोमन अक्षरंही असल्यामुळे मराठी-इंग्रजी मिश्र लेबलं एकजीव दिसतात. फाइलच्या सुरुवातीला, पहिल्या महिरपी कंसानंतर लिहा :

  ग्राफ [फॉन्टनेम=मुक्ता]
  नोड [फॉन्टनेम=मुक्ता, शेप=बॉक्स]
  एज [फॉन्टनेम=मुक्ता, फॉन्टसाइझ=११]

‘नोड’ म्हणजे चौकट, ‘एज’ म्हणजे बाण. तिन्ही ओळी लागतात. नुसत्या ‘ग्राफ’ला सांगितलेला फॉन्ट चौकटींना आणि बाणांना आपोआप लागू होत नाही. लिनक्सवर कोणते फॉन्ट मराठी दाखवू शकतात हे पाहायला ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ ही आज्ञा आहे (सगळी अक्षरं लहान, लँग चार अक्षरी).

आता एसव्हीजीतली एक गोष्ट समजून घ्या. चौकटीची रुंदी ठरते तुमच्या यंत्रावरच्या फॉन्टवरून, पण एसव्हीजीमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच साठवला जातो आणि अक्षरं काढली जातात वाचकाच्या यंत्रावरच्या फॉन्टने. वाचकाकडे मुक्ता नसेल आणि त्याचा फॉन्ट जरा रुंद असेल, तर ‘मुदत उलटली’मधला ‘ली’ चौकटीबाहेर लोंबतो. दोन मार्ग आहेत. संकेतस्थळावर फॉन्ट तुम्हीच पुरवत असाल आणि एसव्हीजी पानाच्या एचटीएमएलमध्येच घातलेली असेल, तर काळजी नाही. नाहीतर आज्ञेत ‘-टीएसव्हीजी’ऐवजी ‘-टीएसव्हीजी:कैरो’ लिहा (कैरो म्हणजे शहराच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, लहान अक्षरांत). मग अक्षरांच्या बाह्यरेषाच फाइलमध्ये उतरतात आणि सगळीकडे सारख्या दिसतात. त्या बदल्यात आकृतीतला शब्द शोधता किंवा कॉपी करता येत नाही. मराठी आकृती ईमेलने जाणार असेल किंवा छापली जाणार असेल तर मी दुसरा मार्ग घेतो.

पायरी ५ : मांडणीला थोडी दिशा

वरून खालीऐवजी डावीकडून उजवीकडे आकृती हवी असेल तर सुरुवातीला ‘रँकडिर=एलआर’. पहिल्या शब्दाचं स्पेलिंग आर-ए-एन-के-डी-आय-आर असं सलग लहान अक्षरांत, आणि एलआर मोठ्या लिपीत. छापील ए-४ पानासाठी वरून खालीच बरं पडतं. आडवी मांडणी पडद्यावर छान दिसते, पण बाणांवर लेबलं असली की फार रुंद होते.

काही अवस्था एका चौकटीत गोळा करायच्या असतील तर सबग्राफ :

  सबग्राफ क्लस्टर_देवघेव {
    लेबल="देवघेव विभाग"
    सभासद
    उशीर
  }

इथे सबग्राफचं नाव ‘क्लस्टर’ या शब्दानेच सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर चूकही दाखवली जात नाही आणि चौकटही येत नाही, आणि नवशिके यात बराच वेळ घालवतात.

आणखी एक गुणधर्म शिकून ठेवण्यासारखा आहे : कन्स्ट्रेंट. समजा, हरवलेल्या प्रतीच्या जागी वाचनालय नवी विकत घेतं हे दाखवायचं आहे. आधी ‘खरेदी’ला ‘नवी खरेदी’ असं लेबल द्या आणि मग दोन ओळी जोडा :

  गहाळ -> खरेदी
  खरेदी -> कपाट

‘गहाळ’ आधीच तळाशी आहे, त्यामुळे ‘नवी खरेदी’ त्याच्याही खाली जाते आणि तिथून एक लांबलचक बाण पार वर कपाटापर्यंत. वाचकाला मात्र खरेदी कपाटाच्या वर अपेक्षित असते, कारण प्रत वाचनालयात तिथूनच येते. पहिल्या ओळीला [कन्स्ट्रेंट=फॉल्स] जोडा. त्याचा अर्थ, हा बाण दाखव, पण पातळ्या ठरवताना त्याचा विचार करू नकोस. ‘नवी खरेदी’ लगेच कपाटाच्या वर जाऊन बसते.

यापुढे जाऊन एकेका चौकटीची जागा आकड्यांत ठरवायचा मोह आवरा. ग्राफव्हिजमध्ये तशी सोय आहे, पण ती वापरू लागलात की प्रत्येक नव्या चौकटीबरोबर सगळी जुळवाजुळव पुन्हा हातानेच, आणि ज्यासाठी हा मार्ग धरला तेच हातचं जातं. आकृती गिचमीड झाली तर तिचे दोन भाग करा. पंधरा-वीस चौकटींच्या पुढे गेलेली आकृती बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकदम सांगत असते.

दिशा नसलेल्या जाळ्यांसाठी ‘डॉट’ऐवजी ‘निॲटो’ वापरून पाहा. तो प्रत्येक जोडणीला स्प्रिंग मानून ताण कमीत कमी होईल अशी मांडणी करतो. ‘सर्को’ वर्तुळात मांडतो, ‘ट्वोपाय’ एका केंद्राभोवती कड्यांत. फाइल तीच, फक्त आज्ञेतला पहिला शब्द बदलायचा.

पायरी ६ : कोडच्या शेजारी ठेवा

‘.जीव्ही’ फाइल गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), ज्या कोडबद्दल ती आहे त्याच्याच शेजारी ठेवा. दंडाचा नियम बदलला की कोड बदलणाऱ्यानेच त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या त्याच नोंदीत, आकृतीची ओळ बदलायची. तपासणाऱ्याला बदल असा दिसतो :

-  उशीर -> कपाट [लेबल="दंड भरून परत"]
+  उशीर -> कपाट [लेबल="परत, दंड खात्यावर"]

नेमकं काय बदललं हे वाचताच कळतं. दोन पीएनजी शेजारी ठेवून फरक शोधणाऱ्यांना याची किंमत विचारा.

एसव्हीजी मात्र हाताने बनवत बसू नका. मेकफाइलमध्ये (कोणती फाइल कशापासून बनवायची हे ‘मेक’ या साधनाला सांगणारी फाइल) ‘.जीव्ही’पासून ‘.एसव्हीजी’ करण्याचा एक नियम लिहा, म्हणजे फक्त बदललेल्या आकृत्या नव्याने तयार होतात (नियमाखालची आज्ञेची ओळ टॅबने सुरू करायची, मोकळ्या जागांनी नाही). तयार झालेली एसव्हीजी गिटमध्ये ठेवावी की नाही यावर मतभेद आहेत. दस्तऐवज आपोआप तयार होत असेल तर ठेवू नका, कारण मूळ आणि निकाल वेगवेगळे पडण्याची शक्यताच उरत नाही.

ग्राफव्हिज कुठे पुरत नाही

अवस्था, अवलंबित्व, कोण कुणाला बोलावतं, हे ग्राफव्हिज उत्तम दाखवतं. कोण कुणाशी कोणत्या क्रमाने बोलतं, हे दाखवायला मात्र सीक्वेन्स आकृती हवी. त्यासाठी प्लँटयूएमएल घ्या. ते २००९ पासून आहे आणि त्याला जावा लागतं. त्यातली एक ओळ अशी :

"सभासद" -> "खिडकी" : "कार्ड दाखवतो"

दोन आडव्या रेघांचा बाण लिहिला की तुटक रेघ येते, ती उत्तरासाठी वापरायची प्रथा आहे. इथेही मराठी नावं अवतरणचिन्हांतच ठेवा. प्लँटयूएमएलचा सार्वजनिक सर्व्हर सोयीचा आहे, पण आकृतीचा मजकूर त्या सर्व्हरवर जातो. कंपनीच्या अंतर्गत रचनेची आकृती तिथे टाकू नका, आपल्या यंत्रावरच चालवा.

प्रकल्पाचा रीडमी, म्हणजे त्याची ओळख करून देणारी फाइल, गिटहबवर असेल तर मर्मेड सोपं. २०१४ साली सुरू झालेलं हे साधन ब्राउझरमध्ये चालतं, आणि फेब्रुवारी २०२२ पासून गिटहब मार्कडाउनमधली मर्मेडची आकृती स्वतःच काढून दाखवतं. तीन बॅकटिक, लगेच ‘मर्मेड’ हा शब्द इंग्रजीत, खाली आकृती, शेवटी पुन्हा तीन बॅकटिक. चौकटीचं नाव इंग्रजीत आणि मराठी लेबल चौकोनी कंसात अवतरणचिन्हांसह, ही ग्राफव्हिजची सवय इथेही कामी येते. त्याच्या फ्लोचार्टमध्ये चौकटीचं नाव म्हणून लहान अक्षरांतला इंग्रजी ‘एंड’ वापरू नका. तो राखीव शब्द आहे आणि त्याने आकृती मोडते.

साधन कोणतंही घेतलंत तरी आकृतीखाली दोन-तीन वाक्यांत तिचा आशय मजकुरात लिहा, आणि पानावर घालताना पर्यायी मजकूर भरा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला बाण दिसत नाहीत. दुसऱ्या पायरीत कागदावर लिहिलेली वाक्यं जपून ठेवली असतील तर तीच इथे वापरता येतील.